सीप्झ

सीप्झ हे मुंबई उपनगर जिल्ह्यातील अंधेरी (पूर्व) येथील विशेष आर्थिक क्षेत्र आहे. 'सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन' या मूळ नावाच्या आद्याक्षरांपासून 'सीप्झ' हे नाव रूढ झाले. नावात सांताक्रूझ असले तरी हे क्षेत्र मरोळच्या औद्योगिक वसाहतीत वसलेले आहे. केंद्र सरकारने १९७३ मध्ये त्याची स्थापना केली. कांडला (१९६५) येथील क्षेत्रानंतरचे हे देशातील दुसरे निर्यात प्रक्रिया क्षेत्र होय. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाच्या आरंभकाळात या क्षेत्राला महत्त्वाचे स्थान होते. शासकीय तंत्रज्ञानविषयक धोरण बदलले की नवउद्योजकांच्या वाटा कशा बदलतात, याचे उदाहरण म्हणूनही त्याच्या इतिहासाकडे पाहिले जाते.

पार्श्वभूमी

होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६६ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रात स्वावलंबनाचा आग्रह धरला. त्यानंतर १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स विभाग व १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन झाला. त्या काळी परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. संगणक आयात करण्यास परवाना लागे, सीमाशुल्क जबर असे आणि अर्जांची छाननी दिल्लीत होई. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने (फेरा) बहुतेक परदेशी कंपन्यांच्या भागभांडवलावर ४० टक्क्यांची मर्यादा घातली. ती मान्य नसल्याने आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील कामकाज बंद केले.

या धोरणाला एक अपवाद होता. सॉफ्टवेअरच्या निर्यातीची हमी देणाऱ्यास संगणक आयात करता येई. मात्र आयात यंत्राच्या किमतीच्या दुप्पट निर्यात पाच वर्षांत करून दाखविण्याची अट असे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली ही जोखीम पत्करली आणि १९७४ मध्ये बरोज कंपनीचा संगणक आणला. पाठीशी मोठा उद्योगसमूह असलेल्या कंपनीला हे शक्य झाले. तुटपुंज्या भांडवलाच्या उद्योजकाला मात्र ती अट पेलणे अवघड होते.

स्थापना व रचना

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीतील शंभर एकरांहून थोड्या अधिक जमिनीवर हे क्षेत्र उभारण्यात आले. त्याचे प्रशासन केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील विकास आयुक्तांकडे आहे. सभोवती कुंपण, प्रवेशासाठी पास आणि फाटकावर सीमाशुल्क तपासणी, अशी येथील व्यवस्था आहे. कुंपणाच्या आत येणारी यंत्रे व कच्चा माल आयातशुल्कापासून मुक्त असतो. तेथील माल देशात विकायचा झाल्यास मात्र शुल्क भरावे लागते. व्यापाराच्या दृष्टीने, फाटकाबाहेरचे मरोळ हे सीप्झमधील कारखानदारासाठी जणू परदेशच ठरते.

एकसारख्या आराखड्याच्या बहुमजली इमारती बांधून त्यांतील गाळे उद्योजकांना भाड्याने देण्यात आले. या इमारती 'एसडीएफ' या नावाने ओळखल्या जातात. जागा, वीज व परवानग्या एका ठिकाणी मिळत असल्याने इमारत उभारण्याचा खर्च टळत असे. इलेक्ट्रॉनिक्स जुळणीच्या कारखान्यांत उपनगरांतील स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत.

सॉफ्टवेअर उद्योग

क्षेत्राची आखणी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी झाली असली, तरी पुढे त्याचा लौकिक सॉफ्टवेअरमुळे वाढला. टाटा समूह व बरोज यांच्या भागीदारीतील टाटा बरोज या कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे काम सुरू केले. हीच कंपनी पुढे टाटा युनिसिस व नंतर टाटा इन्फोटेक झाली आणि २००६ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. नरेंद्र पटनी यांची पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स, तसेच मास्टेक व सिंटेल या कंपन्यांची कार्यालयेही सीप्झमध्ये होती. लगतच्या एमआयडीसी परिसरात ललित कनोडिया यांच्या डेटामॅटिक्ससारख्या कंपन्या वाढल्या.

कुंपणाबाहेर राहून नवा उद्योग सुरू करणाऱ्यांची स्थिती वेगळी होती. पटनी कंपनीतील सात अभियंत्यांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली. संगणक आयातीच्या परवान्यासाठी दिल्लीच्या वारंवार वाऱ्या कराव्या लागल्या आणि दूरध्वनीसाठीही दीर्घकाळ वाट पाहावी लागली, असे संस्थापकांपैकी नारायण मूर्ती यांनी वेळोवेळी सांगितले आहे. हाताशी यंत्र नसल्यामुळे या पिढीतील अनेक कंपन्यांनी आपले अभियंते परदेशी ग्राहकांच्या कार्यालयात पाठवून काम केले. भारतीय सॉफ्टवेअर निर्यातीचे आरंभीचे स्वरूप असे मनुष्यबळ पुरविण्याचे राहिले. त्यामागे यंत्रे व दळणवळण या दोहोंची टंचाई हे प्रमुख कारण होते.

धोरणबदल व मक्तेदारीचा अंत

राजीव गांधी पंतप्रधान झाल्यानंतर नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले. त्यामुळे आयात सुलभ झाली, शुल्क घटले आणि सॉफ्टवेअरला उद्योगाचा दर्जा मिळाला. त्यापाठोपाठ १९८६ मध्ये सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र धोरण आले. १९९१ मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही स्वायत्त संस्था कार्यरत झाली. तिच्याकडे नोंदणी केलेल्या कंपनीला शुल्कमुक्त आयात व उपग्रहामार्फत दळणवळणाची सोय मिळू लागली. ज्या सवलतींसाठी पूर्वी सीप्झचे फाटक ओलांडावे लागे, त्या आता बंगळूर, पुणे वा हैदराबाद येथेही उपलब्ध झाल्या. परिणामी नव्या कंपन्यांना मुंबईतील महागड्या जागेची निकड उरली नाही. सॉफ्टवेअर उद्योगाचे केंद्र दक्षिणेकडे सरकण्यामागे इतर कारणांसह हेही एक कारण होते.

याच सुमारास, १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सीप्झमध्ये रत्ने व दागिन्यांच्या निर्यातदारांना प्रवेश देण्यात आला. कालांतराने हिरेजडित दागिने हे येथील प्रमुख उत्पादन बनले.

विशेष आर्थिक क्षेत्र

१ नोव्हेंबर २००० रोजी सीप्झचे विशेष आर्थिक क्षेत्रात रूपांतर झाले. २००५ चा विशेष आर्थिक क्षेत्र कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये अमलात आला. त्यानुसार नव्या घटकांना निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे पूर्ण प्राप्तिकर सवलत व पुढील पाच वर्षे निम्मी सवलत मिळे. २०११ मध्ये या घटकांना किमान पर्यायी कर लागू करण्यात आला. नव्या घटकांसाठी प्राप्तिकर सवलतीची मुदत २०२० मध्ये संपली. काही वर्षांचा हिशेब मांडून गुंतवणूक करणाऱ्या उद्योजकांनी अशा मध्येच बदलणाऱ्या नियमांवर टीका केली आहे. सवलतींमुळे सरकारी महसूल बुडतो आणि कुंपणाबाहेरील लघुउद्योजकावर अन्याय होतो, असा प्रतिवाद टीकाकार करतात.

१६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेल्या 'स्टार्टअप इंडिया' योजनेत जागेऐवजी कंपनीचे वय, उलाढाल व नावीन्य हे निकष ठरविण्यात आले. सीप्झच्या मूळ कल्पनेपेक्षा हा दृष्टिकोन वेगळा आहे.

सद्यःस्थिती

सीप्झमधील दागिने उद्योगासाठी उभारलेल्या 'भारत रत्नम' या सामायिक सुविधा केंद्राचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. लहान निर्यातदारांना स्वतः खरेदी करणे परवडत नाही अशी यंत्रसामग्री तेथे वापरता यावी, हा त्यामागील हेतू आहे. मुंबई मेट्रोच्या मार्गिका ३ वरील सीप्झ स्थानक ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रवाशांसाठी खुले झाले.