चांदीची गाय, पितळेचा सिंह

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये चहापानास प्रतिष्ठा लाभली, तेव्हा तेथील कारागिरांनी चहाच्या मेजावर चक्क प्राणी आणून उभे केले. लंडनचा जॉन शुप्पे १७५० नंतरच्या दशकात चांदीच्या गायी घडवू लागला. या गायी म्हणजे दुधाच्या छोट्या झाऱ्या. पाठीवरचे झाकण उघडून दूध भरावे, वळलेली शेपटी मुठीसारखी धरावी आणि गायीच्या मुखातून धार पेल्यात सोडावी, अशी रचना. झाकणावर एक माशीही बसविलेली असे!

ही कल्पना मात्र फार जुनी. मध्ययुगीन युरोपात मिस्साविधीत याजकाच्या हातांवर आणि भोजनसमयी पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालण्यासाठी प्राण्यांच्या आकाराच्या झाऱ्या असत. त्यांत सिंहाचा मान मोठा. आज संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक पितळेच्या वा काशाच्या. मौल्यवान धातूंच्या झाऱ्याही होत्या. त्यांच्या नोंदी उरल्या, झाऱ्या आटविल्या गेल्या. चांदीचे दुर्दैव असे की, तिचे केव्हाही नाणे करता येते. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८९ साली युद्धखर्चासाठी व्हर्सायच्या राजवाड्यातील चांदीचे सामान वितळविले.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात जोपासली गेलेली बिदरी कला याच्या उलट साक्ष देते. ही कला मूळची बिदरची. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून तीत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांचा लेप दिला की जस्त काळेभोर होते. चांदी शुभ्रच राहते. हुक्क्याची भांडी, सुरया, पानदाने, माशाच्या आकाराच्या डब्या अशा कितीतरी वस्तू या रीतीने घडल्या. त्यांत चांदी इतकी अल्प की आटवून हाती फारसे काही लागू नये. त्या अल्पतेनेच त्यांना तारले, असे आम्हांस वाटते.

आपल्या घरांतील चांदीला हे कवच नाही. आजीच्या काळातील मोराची अत्तरदाणी मोडीत जाते, तेव्हा सराफ वजन धरतो, घडणावळ धरीत नाही. अडचणीच्या वेळी चांदी मोडणाऱ्यास कोणी दोष देऊ नये. संकटासाठीच ती जपलेली असते. परंतु हौसेखातर नवी वस्तू घेण्यासाठी जुनी देताना क्षणभर थांबावे. चांदी पुन्हा विकत मिळेल. तो मोर घडविणारे हात मिळणार नाहीत.