डॉक्टर चांगला कशावरून?

परवा ईटच्या बाजारात चौघं जण चहाला बसलो होतो. विषय निघाला, आपल्या भागात चांगला डॉक्टर कोण? एक म्हणाला, "त्याच्या हाताला गुण आहे." दुसरा म्हणाला, "एका सुईत ताप उतरवतो." तिसरा म्हणाला, "गर्दी बघा की! लोकं उगाच जातात का?"

मी गप्प बसलो. कारण याच तीन गोष्टी बघून मी माझ्या वडिलांसाठी दवाखाना निवडला होता. अशक्तपणा आहे म्हणून दोन वर्षं अधूनमधून सलाईन लागायचं. ब्लडप्रेशर एकदाही कुणी तपासलं नाही. मीही कधी विचारलं नाही. मग एके दिवशी पहाटे त्यांची डावी बाजू लुळी पडली.

कुणावर राग काढायला हे लिहीत नाही. मला प्रश्न पडलाय तो एवढाच, की दवाखान्याची पारख करायची कशी? आणि गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधायचं काम आपल्या शेजारीच झालंय.

खर्डा ओलांडून पुढं गेलं की जामखेड. १९७० साली तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं आलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले, पुढं अमेरिकेत जाऊन आलेले. त्यांच्याकडंही रुग्णांची रांग लागायची. पण त्यांना कळून चुकलं की रांग वाढणं ही काही शाबासकीची गोष्ट नाही. तेच लेकरू पुन्हा पुन्हा हगवणीनं आजारी पडून येत असेल, तर रांग वाढेलच.

म्हणून त्यांनी मोजायची गोष्टच बदलली. किती पेशंट तपासले याऐवजी गावात जन्मलेल्या हजार लेकरांपैकी किती वर्षाच्या आत दगावली, याची नोंद सुरू केली. १९७१ साली त्या गावांत हा आकडा १७६ होता. म्हणजे जवळपास दर सहा लेकरांमागं एक जायचं. विसावं शतक संपेपर्यंत हाच आकडा तिसाच्या खाली आला. यात एकट्या डॉक्टरचं श्रेय नाही. स्वच्छ पाणी, पोटाला अन्न आणि गावातल्याच बायकांना दिलेलं आरोग्याचं शिक्षण हे सगळं त्यात आलं. यातल्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, बऱ्याच दलित समाजातल्या होत्या. कुठल्या घरात लेकरू अशक्त आहे, कुणाचं बाळंतपण जवळ आलंय, याची खबर सगळ्यात आधी त्यांनाच असायची. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरी गोष्ट तर आपल्याच जिल्ह्यातली आहे, पण ती फार जणांना आठवत नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यात लोकांनीच सरकारी दवाखान्यावर लक्ष ठेवायचं, अशी तरतूद होती. २००७ मध्ये महाराष्ट्रात ही 'लोकाधारित देखरेख' पाच जिल्ह्यांत सुरू झाली: अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि आपला तेव्हाचा उस्मानाबाद. राज्याचं काम पुण्याची 'साथी' संस्था बघत होती.

पद्धत अगदी सोपी होती. गावातल्या समितीनं घरोघरी विचारायचं. नर्सबाई गावात येतात का? गोळ्या दवाखान्यात मिळतात की बाहेरून आणायला चिठ्ठी देतात? कुणी पैसे मागितले का? उत्तरांवरून तक्त्यात रंग भरायचा: चांगलं असेल तर हिरवा, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. मग जनसुनवाई. तिथं गावकरी बोलणार आणि अधिकाऱ्यांनी सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. पहिल्या दोन-तीन वर्षांत राज्यातल्या त्या गावांमध्ये हिरव्या शेऱ्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावरून दोन तृतीयांशापर्यंत गेलं. डॉक्टर तेच, इमारत तीच. फरक एवढाच, की आता विचारणारं कुणीतरी होतं.

पण या तक्त्यात खाजगी दवाखाना नव्हता. तिथं काय होतं, ते शेजारच्या बीडनं दाखवून दिलं. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची तपासणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय हे ऑपरेशन करायचं नाही, असा नियम आला. हजारो बायका भोगून झाल्यावर! आपल्या भागातल्या टोळ्याही दरसाल कारखान्यावर जातात. तेव्हा हे दुसऱ्या जिल्ह्याचं दुखणं आहे, असं समजू नका.

आता काय करायचं? फार काही नाही. दवाखान्यात गेलात तर विचारा: मला नेमकं काय झालंय? ही सुई, हे सलाईन कशासाठी? गोळीनं भागणार नाही का? चाळिशी ओलांडली असेल तर बीपी-शुगर तपासायला सांगा. केसपेपर, बिल मागून घ्या. २०२१ च्या नियमांप्रमाणं खाजगी हॉस्पिटलात दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायला लागते. ती शोधा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं.

आणि येत्या ग्रामसभेत एक विषय घेऊया. तो हिरवा-पिवळा-लाल तक्ता आपण पुन्हा भरायचा. आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती आहे, गावाची आरोग्य समिती कागदावर आहे. त्यात कोण-कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हे विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

वडील आता काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. बीपी तपासायचं मशीन मी घरी आणून ठेवलंय. शेजारचे पण येतात तपासायला. ते आधी आणलं असतं तर, हा विचार रोज येतो. तुमच्या घरात तो येऊ नये, म्हणून एवढं लिहिलं.