नियमापोटी जन्मलेली बीएमडब्ल्यू

बीएमडब्ल्यू ५३० एमएलई ही फाइव्ह सिरीजमधली सेडान १९७६ आणि १९७७ या दोनच वर्षांत, फक्त दक्षिण आफ्रिकेत बनली. प्रिटोरियाजवळच्या रॉसलिन इथल्या कारखान्यात तिची जुळणी होई. अशी फक्त तिथलीच गाडी काढणे त्या कारखान्याला नवे नव्हते. १९६८ पासून तिथे ग्लास या जर्मन कंपनीच्या मोडीत निघालेल्या साच्यांतून सांगाडे काढून त्यांत बीएमडब्ल्यूची इंजिने बसवली जात. पुढे बीएमडब्ल्यूने कारखानाच ताब्यात घेतला.

एमएलई म्हणजे ‘मोटरस्पोर्ट लिमिटेड एडिशन’. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘मॉडिफाइड प्रॉडक्शन’ शर्यतींत बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांनाच प्रवेश होता आणि त्यासाठी किमान १०० गाड्या ग्राहकांना विकणे भाग होते. म्हणजे शर्यतीची गाडी आधी ठरली आणि तिला पात्र ठरवण्यापुरती रस्त्यावरची गाडी काढावी लागली. म्युनिकमधल्या मोटरस्पोर्ट विभागाचे प्रमुख योखेन नीरपाश यांचा या कामाला पाठिंबा होता.

इंजिनात फारशी नवलाई नव्हती: २,९८५ घनसेंटीमीटरचे, एका ओळीत सहा सिलिंडरांचे. खरी मेहनत वजन उतरवण्यावर झाली. एसी गेला, काचा हाताने फिरवायच्या राहिल्या, पेडलना आणि पत्र्याच्या आधारपट्ट्यांना भोके पाडली गेली. ऐषारामासाठी घेतल्या जाणाऱ्या फाइव्ह सिरीजमधून ऐषारामच काढून टाकला होता! ज्यांना हे पटले अशांनी दोन वर्षांत २००हून अधिक गाड्या घेतल्या. शर्यतीत एडी कीझान आणि अलँ लाव्हॉपिएर यांनी ती चालवली. तिने ओळीने १५ शर्यती जिंकल्या. बीएमडब्ल्यूच्या वेगवान ‘एम’ गाड्यांच्या घराण्याची मूळ गाडी तीच, असा दावा होतो. मात्र मोटरस्पोर्ट विभागाची ३.० सीएसएल तिच्याआधीची असल्याने तो जपूनच घ्यावा.

रॉसलिनमधली ही रीत इथे थांबली नाही. पहिली एम३ फक्त डाव्या स्टिअरिंगची असल्याने दक्षिण आफ्रिकेला मिळाली नाही. तिथे थ्री सिरीजच्या दोनदारी सेडानमध्ये ३.२ लिटरचे इंजिन कोंबून ३३३आय काढली गेली. बॉनेटखाली जागा इतकी तोकडी की ग्राहकाला एसी किंवा पॉवर स्टिअरिंग, दोन्हींपैकी एकच निवडता येई. ती शर्यतीसाठी नव्हती; ते काम पुढे ३२५आयएसने केले. ‘ग्रुप एन’ शर्यतींत ओपेल कॅडेटची ‘सुपरबॉस’ तिच्यापुढे उभी ठाकली, तेव्हा तिला २.७ लिटरचे इंजिन आणि ॲल्युमिनियमचे दरवाजे देण्यात आले.