पोत्यांतून आलेला साल्मोनेला

साल्मोनेलाचा माग काढताना बोट आधी रानपाखरांकडे वळतं. ती कुठेही शिटतात आणि जाब द्यायला थांबत नाहीत. पण साल्मोनेला अगोना या प्रकाराचा इतिहास वेगळी साक्ष देतो. 1952 मध्ये घानात गुरांमध्ये तो प्रथम सापडला. 1970 पर्यंत अमेरिकेत माणसांमध्ये तो जवळजवळ दिसलाच नव्हता. 1972 मध्ये तिथे तो पहिल्या दहांत आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता. नेदरलँड्स आणि इस्रायलमध्येही त्याच सुमारास वाढला. इतक्या दूरदूरच्या देशांत एकाच वेळी उतरेल असा पक्षी कोणता? या सगळ्यांना जोडत होती ती पेरूची मासळीची भुकटी. अँकोव्ही शिजवून, दाबून, वाळवून केलेली ही भुकटी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात मिसळली जाई, आणि 1970 मध्ये पेरूची मासेमारी एक कोटी वीस लाख टनांवर पोचली होती. त्याच वर्षी अमेरिकी तपासणीत या भुकटीत अगोना सापडला. 1972 मध्ये आर्कान्सातल्या पॅरागूल्ड गावात साथ आली, तेव्हा तपास उलट्या पावलांनी उपाहारगृहावरून मिसिसिपीतल्या कोंबड्यांपर्यंत आणि तिथून त्यांच्या खाद्यातल्या पेरूच्या भुकटीपर्यंत गेला.

शिजलेल्या मालात जंतू जगेल कसा, हा आक्षेप रास्त आहे. उष्णता जंतू मारते, पण वाळवल्यानंतर थंड होताना आणि साठवणीत धूळ, ओल, उंदीर, पाखरं यांच्यामुळे माल पुन्हा दूषित होतो. म्हणजे पाखरं आलीच की! पेरूच्या किनाऱ्यावर तर अँकोव्हीवर जगणाऱ्या पक्ष्यांचे थवेच्या थवे. एकोणिसाव्या शतकात त्यांची विष्ठाच ग्वानो खत म्हणून युरोपला विकली जात होती. पाखरांना मी निर्दोष ठरवत नाही. 2000 साली न्यूझीलंडमध्ये चिमण्या आणि माणसं एकाच साल्मोनेलाने आजारी पडली होती. मात्र पाखराची शीट एखादं गोदाम नासवते. तिथला माल पोत्यांत भरून चार देशांत पोचवतो तो व्यापार. म्हणून पहारा खाद्यावर हवा. खाद्य सुधारल्याने कळपात मुरलेला जंतू जात नाही, असंही म्हणतात. खरं आहे, अगोना अमेरिकी कोंबड्यांत मुरलाच. तो पहारा उशिरा बसल्याचाच पुरावा नव्हे का? 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, त्या भुकटीतून शिरलेल्या अगोनाने तोवर दहा लाखांहून अधिक अमेरिकनांना आजारी पाडलं होतं.