दिलेल्या पाण्याची जबाबदारी कोणाची?

२००० नंतरच्या तीन-चार वर्षांत बांगलादेशातील खेड्यापाड्यांत एक विलक्षण रंगकाम झाले. कार्यकर्ते घरोघर जात, हातपंपाचे पाणी एका छोट्या बाटलीत घेत, त्यात रसायनाच्या पुड्या मिसळून कागदी पट्टीचा रंग पाहत आणि पंपाच्या तोंडाला हिरवा किंवा लाल रंग लावून पुढच्या अंगणात जात. हिरवा पंप पिण्यासाठी, लाल पंप केवळ धुण्याभांड्यांसाठी. असे सुमारे पन्नास लाख पंप तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे चौदा लाख लाल ठरले. त्यांच्या पाण्यात सोमल, म्हणजेच आर्सेनिक, प्रमाणाबाहेर होते. विशेष म्हणजे हेच पंप काही वर्षांपूर्वीपर्यंत स्वच्छ पाण्याच्या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय मदतीचे आदर्श उदाहरण म्हणून दाखविले जात होते.

श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना पिण्याचे स्वच्छ पाणी मिळवून देण्यास हातभार लावावा, हे तत्त्व आज उघडपणे कोणी नाकारीत नाही. वाद चालतो तो किती पैसे द्यावेत याचा. परंतु दिलेले पाणी पिण्याजोगे आहे किंवा नाही हे कोणी पाहावयाचे, आणि ते तसे नाही असे निघाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न पैशाच्या प्रश्नाहून अधिक अवघड आहे. बांगलादेशाची कहाणी या दृष्टीने मुळापासून पाहण्यासारखी आहे.

नद्यांचा हा देश पाण्याने कधीच उणा नव्हता. उणीव होती ती निर्धोक पाण्याची. ग्रामीण भागातील लोक शतकानुशतके तळ्यांचे आणि पोखरणींचे पाणी पीत. त्याच पाण्यात स्नान, तेथेच धुणे, पावसाळ्यात तेथेच गावाची घाण. पटकी आणि अतिसार यांनी दरवर्षी असंख्य बालके दगावत. १९७०चे प्रलयंकारी चक्रीवादळ आणि १९७१चे मुक्तियुद्ध यांनी खिळखिळ्या झालेल्या या नव्या देशात ‘युनिसेफ’ने तेथील सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाच्या साह्याने कूपनलिकांची मोहीम मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. कल्पना साधी होती. पृष्ठभागावरील पाणी दूषित. मातीच्या थरांतून गाळून खाली गेलेले पाणी जंतूंपासून मुक्त. बंगालच्या मऊ गाळात बांबूची घोडी उभारून, पाइप वरखाली करीत, चार-पाच माणसे एखाद्या दिवसात नलिका खाली उतरवीत. वर लोखंडी हातपंप बसविला की काम झाले.

लोकांनी ही युक्ती मनापासून स्वीकारली. पुढे तर सरकारी किंवा परकीय मदतीची वाट न पाहता कुटुंबे स्वतःच्या पैशाने अंगणात पंप बसवून घेऊ लागली. मुलीच्या लग्नाची बोलणी करताना घरी पंप आहे हे सांगण्याजोगे वैभव झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस देशात ऐंशी लाख ते एक कोटी कूपनलिका असाव्यात, असा अंदाज केला जातो. त्यांतील बहुसंख्य खासगी होत्या. ग्रामीण जनतेपैकी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक लोक भूजल पिऊ लागले. बालमृत्यू घटले, आणि त्या घटीत या पंपांचा काही वाटा निश्चित होता. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

मात्र या सर्व काळात पाण्याची तपासणी झाली ती जंतूंसाठी, क्षारांसाठी, लोहासाठी. सोमलासाठी झाली नाही. त्या वेळी ती चाचणी कोणत्याच देशातील ग्रामीण पाणीयोजनांत सर्रास होत नसे, असा बचाव पुढे करण्यात आला, आणि १९७०च्या दशकापुरता तो ग्राह्यही मानता येईल.

हा सोमल कोणा कारखान्याने सोडलेला नव्हता. हिमालयातील खडकांची झीज होऊन गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी हजारो वर्षे वाहून आणलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून तो आला. प्राणवायूचा अभाव असलेल्या थरांत कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारे सूक्ष्मजीव ते लोह विरघळवितात आणि सोमल पाण्यात मोकळा होतो. उथळ खोदलेल्या विहिरीतील पाण्यात तो सहसा कमी असतो. दीडशे मीटरहून खोल थरांतही बहुधा कमी असतो. धोका आहे तो मधल्या पट्ट्यात, म्हणजे स्वस्त हातपंप नेमका जेथून पाणी उपसतो तेथे. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळल्याने तो जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

पहिली कुणकुण सीमेच्या अलीकडे लागली. कोलकात्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या अंगावरील चट्टे आणि तळहात-तळपायांवरील कठीण गाठी पाहून सोमलाच्या विषबाधेचे निदान केले. काही वर्षांतच पूर्वेकडील सीमेपलीकडचे रुग्णही त्यांच्याकडे येऊ लागले. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती १९८८ पासून गावोगावचे पाणी, केस आणि नखे तपासून दोन्ही बंगालांतील या संकटाविषयी कानीकपाळी ओरडत राहिले. बांगलादेशात अधिकृत पुष्टी मिळाली ती १९९३ मध्ये, चापाई नवाबगंज जिल्ह्यात. पहिल्या निदानानंतर दहा वर्षांनी!

या विषाची गती मंद असते. आठ-दहा वर्षे पाणी प्यायल्यावर कातडीवर पावसाच्या थेंबांसारखे डाग उमटतात, तळव्यांना भेगा पडतात. पुढे त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग उद्भवू शकतो. रोगाइतकेच हाल त्याच्या गैरसमजाने केले. हा कुष्ठरोगच असून तो स्पर्शाने पसरतो, अशा समजुतीने मुलींची लग्ने मोडली, विवाहितांना माहेरी धाडण्यात आले.

संकटाचा आवाका समजण्यास आणखी काही वर्षे गेली. ब्रिटनच्या अर्थसाह्याने ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने बांगलादेश सरकारसमवेत ३५३४ विहिरींचे नमुने तपासले आणि २००१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्क्यांत सोमलाचे प्रमाण लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम या बांगलादेशी मर्यादेहून अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा लावली तर ४६ टक्क्यांत. त्याआधी २००० मध्ये या संघटनेच्या नियतकालिकातील एका लेखात साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन कोटी ते सात कोटी सत्तर लाख लोकांना धोका असल्याचे म्हटले होते, आणि एखाद्या लोकसमूहाला झालेली ही इतिहासातील सर्वांत मोठी विषबाधा असल्याचेही.

याच ब्रिटिश संस्थेचे नाव पुढे न्यायालयात गाजले. तिने १९९२ मध्ये ब्रिटनच्याच परकीय मदतीतून मध्य व ईशान्य बांगलादेशातील सुमारे दीडशे विहिरींच्या पाण्याचा अभ्यास केला होता. अनेक मूलद्रव्यांची तपासणी त्यात होती, सोमलाची नव्हती. या अहवालामुळे पाणी निर्धोक असल्याचा समज झाला आणि आपण विष पीत राहिलो, असा दावा ब्राह्मणबाडिया भागातील एका ग्रामस्थाने लंडनच्या न्यायालयात दाखल केला. त्याच्यामागे त्याच्यासारखेच शेकडो दावेदार उभे होते. उच्च न्यायालयाने २००३ मध्ये दावा चालविण्यायोग्य ठरविला, अपील न्यायालयाने २००४ मध्ये बहुमताने तो फेटाळला, आणि ५ जुलै २००६ रोजी ‘हाउस ऑफ लॉर्ड्स’ने त्यावर अखेरची मोहोर उठविली. संस्थेचे देशाच्या पाणीपुरवठ्यावर नियंत्रण नव्हते, लोकांना शुद्ध पाणी पुरविण्याचे कर्तव्य तिच्यावर नव्हते. तेव्हा जे तपासलेच नाही त्याबद्दल ती त्या ग्रामस्थाला उत्तरदायी ठरत नाही, असा निकालाचा आशय होता.

कायद्याच्या चौकटीत या निकालात खोट काढणे अवघड आहे. प्रत्येक अहवालासाठी अहवाल न वाचलेल्या लाखोंना भरपाई देण्याची पाळी येऊ लागली, तर परदेशात सर्वेक्षण करावयास कोणी धजणार नाही. पण मग त्या ग्रामस्थाने जावयाचे कोठे? ‘युनिसेफ’वर दावा करता येत नाही, संयुक्त राष्ट्रांना आणि त्यांच्या अंगभूत संस्थांना १९४६च्या करारान्वये न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे. पैसे पुरविणारी सरकारे म्हणणार की आम्ही पैसे दिले. त्याचे स्वतःचे सरकार म्हणणार की तज्ज्ञ बाहेरून आले होते. लंडनच्या नळातून असे पाणी आले असते, तर पाणीपुरवठा कंपनीला न्यायालयात खेचता आले असते. हे पाणी विकत घेतलेले नव्हते, मदत म्हणून मिळालेले होते, आणि मदतीला पावती नसते.

निस्तरण्याचे काम सुरू झाले तेही रडतखडत. जागतिक बँकेने १९९८ मध्ये ३ कोटी २४ लाख डॉलर मंजूर केले, तेही सवलतीच्या कर्जाच्या रूपाने. स्वित्झर्लंडने त्यात भर घातली. डेन्मार्कच्या मदतीने नोआखालीत बादल्यांच्या गाळण्यांचे प्रयोग झाले. कुष्टियात वाढलेले आणि अमेरिकेत प्राध्यापकी करणारे अबुल हुसाम यांच्या ‘सोनो’ गाळणीला २००७ मध्ये दहा लाख डॉलरचे ग्रेंजर पारितोषिक मिळाले. त्यातील बहुतेक रक्कम त्यांनी गाळण्या वाटण्यासाठीच ठेवली. तरीही घरोघरी गाळण्या बदलत राहणे हे कष्टाचे काम. त्यापेक्षा गावात एक खोल विहीर अधिक खात्रीची.

येथे मात्र दोष केवळ परक्यांवर ढकलता येत नाही. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार तेव्हाही सुमारे दोन कोटी बांगलादेशी राष्ट्रीय मर्यादेहून अधिक सोमल असलेले पाणी पीत होते. सरकारी खोल विहिरींपैकी निम्म्या कोठे खोदाव्यात हे ठरविण्यात तेथील खासदारांचा हात असे, आणि त्या पुष्कळदा पुढाऱ्यांच्या समर्थकांच्या अंगणात जात. जेथे सोमल नाही तेथेही विहिरी. जेथे आहे तेथे रांगा. ज्यांना आपल्याकडील टँकरचे राजकारण ठाऊक आहे, त्यांना हे वाचून आश्चर्य वाटू नये.

दिलेल्या वस्तूकडे पुन्हा वळून पाहिले तर काय होते, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९६०च्या दशकातील दुष्काळानंतर ‘युनिसेफ’ने कठीण खडक फोडणारी यंत्रे भारतात आणली. विंधनविहिरी भराभर झाल्या, पण त्यांवर बसविलेले बिडाचे पंप पाश्चात्य देशांतील एका शेतघराच्या वापराच्या बेताचे होते. दिवसभर शेकडो घागरी भरताना ते मोडत. जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या कार्यशाळांत त्यांवर पोलादी उपाय शोधण्यात आले आणि सोलापूरच्या पंपावरून १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. पुढे तो आफ्रिकेतही पोहोचला. आपल्या गावोगावचा हापसा तो हाच. पंप मोडतात हे पाहावयास कोणी तरी परत गेले, म्हणून हे घडले. मोडलेला पंप निदान दिसतो तरी. विष दिसत नाही, त्यामुळे तेथे परत जाण्याची गरज कितीतरी अधिक.

आंतरराष्ट्रीय वचनांची कमतरता नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्येच मान्य केले. ते गाठणारी राष्ट्रे बोटांवर मोजण्याइतकी. २८ जुलै २०१० रोजी याच आमसभेने स्वच्छ पाणी हा मानवी हक्क असल्याचा ठराव १२२ मतांनी संमत केला. विरोधात एकही मत नव्हते. परंतु अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्यासह ४१ राष्ट्रे तटस्थ राहिली. हक्क मान्य केला की कर्तव्य चिकटते, आणि तटस्थतेचे एक कारण हेच असावे असे वाटते. ब्रिटनने आपली मदत २०२१ मध्ये ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली आणि २०२७ पर्यंत ती ०.३ टक्क्यांवर नेण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेने आपली ‘यूएसएड’ ही संस्थाच मोडीत काढली. निर्धोक पाण्याची खात्रीशीर सोय नसलेल्यांची संख्या जागतिक आरोग्य संघटना आणि ‘युनिसेफ’ यांच्या २०२५च्या अहवालात २१० कोटी इतकी दिली आहे.

पैशांना ओहोटी लागली असताना ढाक्याजवळच्या आडाइहाजार उपजिल्ह्यातील अनुभव म्हणूनच मोलाचा ठरतो. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० पासून तेथील सुमारे बारा हजार स्त्री-पुरुषांची नोंद ठेवली आहे. तेथे दर पाच मृत्यूंपैकी सुमारे एका मृत्यूचा संबंध सोमलाशी जोडता येतो, असे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र दोन विहिरींत अंतर काही पावलांचे असले तरी पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. त्यामुळे आपला पंप लाल ठरल्यावर अनेकांनी शेजाऱ्याच्या हिरव्या पंपावर जाण्यास सुरुवात केली. ज्यांच्या शरीरातील सोमलाचे प्रमाण असे उतरले, त्यांचे दीर्घकालीन आजारांनी होणारे मृत्यू, ज्यांचे उतरले नाही त्यांच्या तुलनेत निम्म्यापर्यंत कमी झाल्याचे या पाहणीवर आधारित २०२५च्या शोधनिबंधात आढळले. विषबाधेची बरीचशी हानी भरून येऊ शकते, ही त्यातील मोठी दिलाशाची बाब होय.

या बदलाची सुरुवात ज्या चाचणीने झाली, तिच्या साहित्याचा खर्च दर विहिरीमागे एका डॉलरहूनही कमी येतो. बांगलादेशात नवे हातपंप आजही बसतच आहेत, बहुतेक खासगी आणि न तपासलेले. २००३ पर्यंत लावलेला लाल-हिरवा रंग जुन्या पंपांवरून बहुतेक ठिकाणी केव्हाच उडून गेला आहे.