बिनतारी यंत्राचा जीर्णोद्धार

घरांतील रेडिओ आणि हौशी बिनतारीवाल्याचें यंत्र हीं एकाच कुळांतलीं असलीं तरी त्यांचे स्वभाव निराळे आहेत. घरच्या रेडिओवर जें केंद्र लागतें तें आपण होऊनच मोठ्यानें बोलत असतें. हौशी मनुष्याला ऐकावयाचा असतो तो हजारों मैलांवरून येणारा, शेजारच्या दहा आवाजांखालीं दडपलेला एखादा क्षीण ध्वनि. हे लोक सरकारी परवाना काढून, नेमून दिलेल्या लहरींवर, कसलाहि मोबदला न घेतां परस्परांशीं संभाषण करतात. त्यांच्या जुन्या यंत्रांना, विशेषतः १९३० ते १९६० या काळांतील यंत्रांना, आज जगभर गिऱ्हाईक आहे. तीं शोधून विकत घ्यावयाचीं, दुरुस्त करावयाचीं आणि पुन्हां बोलतीं करावयाचीं, हा एक स्वतंत्र छंदच झाला आहे. ज्या कामाला मुठींत मावणारें यंत्र पुरतें त्यासाठीं एका जड काळ्या पेटीपाशीं महिनेच्या महिने राबावें, हें घरच्या माणसांना वेड वाटतें. आणि पुष्कळदां तें असतेंहि. परंतु या वेडाला इतिहास आहे, आणि तो एकाच यंत्राच्या चरित्रांतून पाहणें सोयीचें होईल.

अमेरिकेंतील मासॅच्युसेट्स राज्यांत माल्डन या गांवीं नॅशनल कंपनीचा कारखाना होता. जेम्स मिलन हे तेथील प्रमुख अभियंते. या कारखान्यानें १९३५ सालीं एच्. आर्. ओ. नांवाचें ग्राहक यंत्र बाजारांत आणलें. नांवाची एक हकीकत सांगतात ती अशी. काम अतोनात घाईचें असल्यामुळें कारागीर आपल्या कामाच्या चिठ्ठ्यांवर घाई दर्शविणाऱ्या एका इंग्रजी वाक्प्रचाराचीं आद्याक्षरें लिहीत असत. त्याच अक्षरांनीं यंत्र विकावयाचें म्हटलें तर उच्चार ग्राम्य होतो असें ध्यानांत आलें, आणि अक्षरांचा क्रम बदलण्यांत आला. घाईंत जन्मलेलें हें यंत्र पुढें कित्येक वर्षें टिकलें, ही त्यांतली गंमत.

यंत्रांत नऊ व्हॉल्व्ह असत. त्यांना वीज पुरविणारी पेटी वेगळी. निरनिराळ्या लहरींसाठीं खटका फिरविण्याची सोय मुळींच नाहीं. त्याऐवजीं समोरच्या बाजूस, टेबलाचा खण बसवावा तसा, चार कॉइलींचा एक संपूर्ण खण बसवितात. लहर बदलावयाची तर तो खण ओढून काढावयाचा व दुसरा सरकवावयाचा. असे चार खण मिळून १.७ पासून ३० मेगासायकलपर्यंतचा सगळा पट्टा व्यापीत. खटक्यांचे संपर्क झिजतात, मळतात, त्यांमुळें क्षीण ध्वनि वाटेंतच हरवतो. खणाच्या या अडाणी वाटणाऱ्या योजनेंत ती भीति उरत नाहीं. पण खरी करामत मधल्या डायलची. तिच्यावर लहरींचे आंकडे नाहींत. फक्त ० ते ५०० असे अंश आहेत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास चक्राचे दहा फेरे करावे लागतात, आणि फिरतां फिरतां चक्रावरील लहान लहान खिडक्यांतले आंकडे आपोआप पालटत जातात. हेंच माप सरळ पट्टीवर मांडलें असतें तर ती पट्टी सुमारें बारा फूट लांब झाली असती. कोणत्या अंशावर कोणती लहर, हें खणाच्या दर्शनी भागावर डकविलेल्या आलेखावरून वाचावयाचें. जो मनुष्य आलेख वाचूं शकत नाहीं त्याच्यासाठीं हें यंत्र नव्हतें, आणि तसें म्हणण्यास कारखान्याला संकोचहि वाटला नाहीं.

१९३९ सालीं युद्ध पेटलें. ब्रिटनमध्यें हौशी मंडळींचे परवाने रद्द झाले आणि टपाल खात्याच्या माणसांनीं घरोघर जाऊन प्रक्षेपक उचलून नेले. हिंदुस्थानांतहि परवाने गेले. तथापि यंत्र काढून घेतां येतें, विद्या काढून घेतां येत नाहीं, याचा प्रत्यय मुंबईसच आला. परवाना गेलेले एक हौशी तंत्रज्ञ, नरिमन प्रिंटर, यांनीं १९४२ च्या चळवळींत काँग्रेस रेडिओसाठीं प्रक्षेपक जुळवून दिला. उषा मेहता व त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवरून बोलत, आणि पोलिसांनीं १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं छापा घालीपर्यंत तें केंद्र जागा बदलीत चालूं होतें. ती लहर हौशी मंडळींच्या नेहमींच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यांतलीच होती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं.

ब्रिटिश सरकारनें प्रक्षेपक नेले, पण कान मागें ठेवले. शत्रूचे हेर आपल्या देशांतून बिनतारी संदेश पाठवीत असतील, या संशयानें एक गुप्त खातें निर्माण झालें, आणि लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं त्याच्यासाठीं हौशी मंडळींतून श्रोते निवडले. कारकून, दुकानदार, शाळामास्तर, ज्यांना टिंब-रेघांची भाषा झोपेंतहि कळे असे सुमारें दीड हजार लोक दिवसाचें काम आटोपून रात्रीं आपापल्या घरीं यंत्रापुढें बसत. नेमून दिलेल्या पट्ट्यांत अनोळखी काय ऐकूं येतें तें कागदावर टिपून बार्नेट येथील एका टपालपेटीच्या पत्त्यावर धाडावयाचें, एवढेंच काम. कागदावर अर्थहीन अक्षरांचे गट. ते कोणाचे, कशाविषयींचे, हें लिहिणाऱ्यास कधींच सांगितलें गेलें नाहीं. देशांत हेर फारसे सांपडलेच नाहींत. सांपडलें तें निराळेंच: युरोपभर पसरलेल्या जर्मन गुप्तहेर खात्याचें आपसांतील दळणवळण. त्यांतली एक सांकेतिक लिपि १९४० च्या सुमारास प्रथम उलगडली ती गिल आणि ट्रेव्हर-रोपर या दोघांनीं. दुसरे गृहस्थ पुढें इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आले. याच खात्याच्या यंत्रलिपीचा उलगडा १९४१ च्या डिसेंबरांत ब्लेचले पार्क येथें डिली नॉक्स यांच्या मंडळीनें केला.

घरीं बसणारे श्रोते आपापलीं यंत्रें वापरीत. सरकारी श्रवण-ठाण्यांत मात्र एच्. आर्. ओ. चें राज्य होतें. ब्रिटननें तीं हजारोंच्या संख्येनें मागविलीं. जर्मनीस त्याची योग्यता इतकी पटली कीं कोर्टिंग कंपनीनें त्याची नक्कल तयार केली. म्हणजे युद्धाच्या दोन्ही बाजूंस माणसें जवळ जवळ एकसारख्याच डायलींवर बोटें ठेवून एकमेकांस ऐकत होतीं. एखादें अक्षर चुकीचें टिपलें तर पुढें लिपि सोडविणाराचा सगळा खटाटोप फुकट जाई. म्हणून हवेंतल्या कडकडाटांतून नेमका तोच ध्वनि धरून ठेवणाऱ्या डायलचें मोल तेथें बसलेल्या मुलींना आणि माणसांना आपल्या घड्याळापेक्षां अधिक वाटे. युद्ध संपल्यावर या सर्वांनीं मौन पाळलें. १९७४ पर्यंत ब्लेचलेचें खरें काम जगाला ठाऊकच नव्हतें. पुष्कळ श्रोते आपल्या बायकामुलांनाहि कांहीं न सांगतां वारले. त्यांच्या तोंडून आतां कांहीं मिळावयाचें नाहीं. राहिलीं आहेत तीं यंत्रें.

तीं राहिलीं कशीं, तर जुन्या बाजारामुळें. शांतता होतांच सरकारांनीं लष्करी बिनतारी सामान ढिगांनीं विकावयास काढलें. लंडनची लाइल स्ट्रीट आणि न्यूयॉर्कची कोर्टलँड स्ट्रीट, जिला लोक रेडिओ रो म्हणत, या गल्ल्या अशा सामानानें भरून गेल्या. (पुढें १९६६ सालीं जागतिक व्यापार केंद्राच्या बांधकामासाठीं रेडिओ रो जमीनदोस्त झाली.) बाँबफेकी विमानांतले बी. सी. ३४८ व आर्. ११५५, रणगाड्यांतला नंबर १९, ज्याच्या कांहीं प्रतींवर इंग्रजी व रशियन अशा दोन भाषांत अक्षरें आहेत, असे संच पोरांना खाऊच्या पैशांतून मिळत. मग घरोघर कापाकापी सुरू झाली. विमानांतील २८ व्होल्टचा डायनामोटर काढून टाकावयाचा, घरच्या विजेवर चालणारा ट्रान्सफॉर्मर बसवावयाचा, तोंडाला नवीं भोकें पाडावयाचीं. भारतांत आयातीचा माल महाग. तेव्हां येथील हौशी मंडळीनेंहि कित्येक वर्षें लष्करी मोडींतल्या सामानावर आणि हातानें बांधलेल्या संचांवरच भागविलें, आणि सुट्या भागांसाठीं मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता धुंडाळला.

आज असें यंत्र घेणाऱ्यानें प्रथम काय पाहावें? रंग नव्हे. रंग उडालेला असणें हें प्रामाणिकपणाचें लक्षण समजावें. ट्रान्सफॉर्मर जळका आहे काय, डायल मोकळी फिरते काय, खण किती आहेत आणि ते त्याच यंत्राचे आहेत काय, हें पाहावें. खणांवाचून एच्. आर्. ओ. म्हणजे किल्ल्यांवाचून तिजोरी. दुसऱ्या यंत्राचा खण बसतो खरा, पण आलेख व डायल यांचें जमत नाहीं आणि जुळवणी नव्यानें करावी लागते. विक्रेता "चालूं आहे" म्हणून सांगतो त्याचा अर्थ एवढाच कीं त्यानें तें भिंतीच्या विजेला लावून पाहिलें. आणि नेमकी तीच गोष्ट करावयाची नसते.

कारण पन्नास वर्षें निजलेल्या यंत्राला एकदम पूर्ण वीज देणें म्हणजे दीर्घ उपवासानंतर पक्वान्नांचें ताट वाढणें होय. मेणकागदाचे कंडेन्सर ओल धरून गळके झालेले असतात. त्यांतला एक, शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडशीं जोडलेला, गळूं लागला तर तो व्हॉल्व्ह भलताच तापतो आणि त्याच्यापाठोपाठ ट्रान्सफॉर्मरहि जातो. कार्बनचे रोधक वाढलेले असतात. रबरी वेष्टणाच्या तारांना बोट लावतांच वेष्टणाचा चुरा होतो. उंदीरमामा येऊन गेले असतील तर तें निराळेंच. म्हणून आधीं साफसफाई, मग एकेका भागाचें मोजमाप, मग बदल, आणि अखेरीस वीज; तीहि एका दिव्यामार्गें, वायरमन ज्याला सिरीज बोर्ड म्हणतात त्यावरून. दिवा भगभगीत पेटला तर आंत कोठें तरी बिघाड आहे असें समजून ताबडतोब बंद करावें. अमेरिकन यंत्रांना ११५ व्होल्ट लागतात, आपल्या घरांत २३० असतात, हें विसरून कित्येक यंत्रांची एका क्षणांत राख झाली आहे. यंत्राच्या पोटांत अडीचशें व्होल्टपर्यंत दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरहि तो कंडेन्सरांत कांहीं वेळ दबा धरून बसतो. एक हात खिशांत ठेवून काम करावें, हा जुन्या लोकांचा नियम अनुभवांतून आलेला आहे.

खरा वाद येथून पुढें सुरू होतो. जीर्णोद्धार करावयाचा तो यंत्र कोणत्या सालाला नेण्यासाठीं? एच्. आर्. ओ. १९४० सालीं कारखान्यांतून निघालें, चार वर्षें ठाण्यांत राबलें, १९४७ सालीं एका तरुणानें तें मोडींतून घेतलें, त्याच्या तोंडाला एक भोंक पाडून नवा खटका बसविला आणि त्यावर वीस वर्षें ऐकलें, असें समजा. तें भोंक बुजवून, नवा काळा रंग देऊन यंत्र पुन्हां १९४० चें करणारे पुष्कळ आहेत. एके काळीं फेंकून दिलेले डायनामोटर आतां ते चढ्या भावानें शोधीत फिरतात. अशीं यंत्रें दिसतात सुंदर. पण आपल्याकडे जुन्या देवळाचा उद्धार करतांना दगडी नक्षीवर तैलरंगाचे थर चढवितात आणि शिलालेखावर चुना फांसतात, त्यांतलाच हा प्रकार नव्हे काय? त्या तरुणाचें भोंक हाहि एक लेखच आहे. ज्या यंत्रानें चार वर्षें युद्ध ऐकलें त्यावर त्यानें मैत्री केली, हें त्या भोंकाशिवाय दुसरें कोण सांगणार? पेटीच्या आंतल्या अंगास पेन्सिलीनें लिहिलेले आंकडे, सरकारी खात्याची पितळी पट्टी, एखाद्या खणावर चिकटविलेला हस्तलिखित आलेख, हें सगळें पुसून जें उरतें तें फार तर कारखान्याच्या सूचिपत्रांतलें चित्र.

उलट पक्षीं, कशालाच हात लावूं नये असें म्हणणारे लोक यंत्राचें कलेवर जपतात. ग्राहक यंत्राचा धर्म ऐकणें हा आहे. गळक्या कंडेन्सरचें पावित्र्य राखून तें मुकें ठेवण्यांत इतिहासाची सेवा होत नाहीं. शहाणे कारागीर मधला मार्ग काढतात. जुन्या कंडेन्सरचें पोट रिकामें करून त्याच कवचांत नवा लहान कंडेन्सर बसवितात. काढलेले भाग पिशवींत घालून यंत्राबरोबर ठेवतात. आणि काय, केव्हां, कां बदललें याचें टिपण झांकणाच्या आंत लावून देतात. जें केलें तें पुढच्या माणसास उलटवितां आलें पाहिजे, आणि तें केलें आहे हें त्याला कळलें पाहिजे. हा नियम मूळ कागद व नक्कल यांतला भेद ओळखणाऱ्या आमच्या कागदपत्रांच्या संशोधकांना परका वाटणार नाहीं.

ब्लेचले पार्कच्या आवारांत ब्रिटिश हौशी मंडळाचें राष्ट्रीय बिनतारी केंद्र २०१२ पासून आहे. अमेरिकेंत जुन्या बिनतारीच्या संशोधनासाठीं १९५२ सालीं स्थापन झालेली एक संस्था ब्लूमफील्ड येथें आपलें संग्रहालय चालविते. परंतु या यंत्रांचा उपभोग संग्रहालयांत मिळत नाहीं. तो मिळतो रात्रीं, दिवे मंद करून, कानाला हेडफोन लावल्यावर. डायल फिरूं लागते, खिडक्यांतले आंकडे पालटतात, व्हॉल्व्हांच्या उष्णतेनें जुन्या मेणाचा व वार्निशचा वास सुटतो, आणि घोंगावणाऱ्या गर्दींतून एक स्वर सुटा होऊन पुढें येतो. पाठविणारा हातानें पाठवीत असला तर त्याच्या हाताचें वळणहि ऐकूं येतें. ठाण्यांतल्या मुली शत्रूच्या प्रेषकांना अशाच वळणावरून ओळखीत.

अमेरिकन हौशी संघ दरवर्षी १ जानेवारीस चोवीस तास केवळ साध्या हातकिल्लीनें, आणि जमल्यास जुन्या यंत्रांनीं, संभाषण करण्याचा परिपाठ पाळतो. भारतीय वेळेप्रमाणें त्याचा आरंभ पहांटे साडेपांचला होतो. थंड यंत्राची लहर प्रथम सरकत राहते. ती स्थिर होण्यास अर्धा तास तरी लागतो. म्हणून ज्यांच्याजवळ एच्. आर्. ओ. आहे ते लोक त्या दिवशीं पांच वाजतांच उठून यंत्र सुरू करून ठेवतात आणि मग चहाला आधण ठेवतात.