अपघात नेमका कुठे झाला? ‘ब्लॅक स्पॉट’ शोधण्याचा इतिहास

अपघातातला पेशंट आला की आम्ही डॉक्टर मंडळी केसपेपरवर भराभर लिहीत जातो. वय, मार कुठे लागला, शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, हेल्मेट होतं का, तोंडाला दारूचा वास आहे का. जागा विचारली की सोबत आलेला माणूस सांगतो, “आर्वी रोडवर.” आता पुलगावहून विरूळ, रोहणा करत आर्वीपर्यंत जाणारा हा रस्ता सुमारे 35 किलोमीटरचा. त्यातली कुठली मोरी, कुठलं वळण, कुठला फाटा, हे कागदावर येतच नाही. आणि खरं सांगायचं तर, जागेचा प्रश्न हा पोलिसांइतकाच वैद्यकशास्त्राचाही आहे. कसा, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

1854 साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली. दहा दिवसांत पाचशेहून जास्त माणसं दगावली. कॉलरा दूषित हवेतून पसरतो, असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरला ते पटत नव्हतं. त्याने मृतांची यादी घेतली, घरोघर चौकशी केली आणि प्रत्येक मृत्यू नकाशावर त्या त्या घरापाशी काळ्या रेघेने मांडला. रेघा ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटल्या होत्या. 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. (साथ तोवर ओसरायला लागलेलीच होती, हे स्नोनेही मान्य केलं आहे. शाळेत सांगतात तितकी ही गोष्ट नाट्यमय नाही.) पण त्याची पद्धत आजही टिकून आहे. कोण मेलं, हे तर विचाराच, पण कुठे मेलं हेही विचारा. मृत्यू एका जागी गोळा होत असतील, तर दोष त्या जागेत शोधा.

रस्त्यांच्या बाबतीत हे शहाणपण यायला फार उशीर लागला. 31 ऑगस्ट 1869 रोजी आयर्लंडमध्ये मेरी वॉर्ड नावाची बाई वाफेवर चालणाऱ्या गाडीतून खाली पडली आणि चाकाखाली सापडली. सूक्ष्मदर्शकावर पुस्तकं लिहिणारी ही विदुषी स्वयंचलित वाहनाचा जगातला पहिला बळी मानली जाते. ती पडली ती रस्त्याच्या वळणावर. चौकशी झाली, ‘अपघाती मृत्यू’ असा निकाल लागला आणि प्रकरण मिटलं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हेच चाललं. चूक कोणाची? चालवणाऱ्याची, नाहीतर आडव्या आलेल्याची. वळणाला कोणी जाब विचारला नाही.

तो विचारला विल्यम हॅडन या अमेरिकन डॉक्टरने. हॅडन साथरोगतज्ज्ञ होता. ‘अपघात’ हा शब्दच त्याला खटकत असे, कारण त्या शब्दातून सगळं नशिबाच्या खात्यावर जमा होतं. त्याचं म्हणणं असं, की मलेरियात जसा परजीवी तसा इथे वेग, म्हणजे गतीतली ऊर्जा. शरीर जेवढी सोसू शकतं त्यापेक्षा जास्त ऊर्जा क्षणात अंगावर आली की हाडं मोडतात, मेंदूत रक्तस्राव होतो. मग या ऊर्जेला अडवायचं कुठे? त्यासाठी त्याने एक साधा तक्ता केला. अपघाताच्या आधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर अशा तीन वेळा. आणि प्रत्येक वेळी माणूस, वाहन आणि परिसर यांचा वेगळा विचार. 1966 मध्ये अमेरिकेने महामार्ग सुरक्षेसाठी सरकारी संस्था काढली, तिचा पहिला प्रमुख हाच डॉक्टर झाला.

हा तक्ता कोरडा वाटत असेल तर आपल्याकडची एक घटना त्यात घालून पाहा. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. 25 जण गेले, त्यात आपल्या वर्धा जिल्ह्यातलेही होते. अपघाताआधी बस दुभाजकाकडे का गेली, हा चालकाचा प्रश्न झाला. पण बस दाराच्या बाजूवर उलटली आणि बाहेर पडायची वाटच बंद झाली, हा वाहनाचा प्रश्न. मग आग लागली, आणि मदत येईपर्यंत वेळ उरला नाही. चालकाला दोष देऊन थांबलो, तर उरलेल्या दोन रकान्यांकडे आपण बघतच नाही.

भारतात या विषयाला न्यायालयात नेलं तेही एका डॉक्टरनेच. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजसेकरन यांनी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मोडलेली हाडं जोडत राहण्यापेक्षा ती मोडतात तिथेच काही करता येईल का, असा तो प्रश्न होता. 2014 मध्ये न्यायालयाने न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि राज्यांकडे हिशोब मागायला सुरुवात झाली. 2015 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ‘ब्लॅक स्पॉट’ची, म्हणजे अपघातप्रवण स्थळाची, व्याख्या ठरवली: राष्ट्रीय महामार्गाचा साधारण 500 मीटरचा असा तुकडा, जिथे तीन वर्षांत मिळून मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाले, किंवा 10 मृत्यू झाले. इतर रस्त्यांनाही सर्वसाधारणपणे हीच फूटपट्टी लावली जाते.

आपल्या राज्यात या पद्धतीचा सगळ्यात चांगला धडा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने दिला. रस्ता गुळगुळीत, सहा पदरी, आणि तरी 2016 या एका वर्षात तिथे 151 जण मेले. त्याच वर्षी जूनमध्ये शेडुंगजवळ कडेला थांबलेल्या दोन मोटारींवर बस आदळली आणि 17 जण गेले. राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी मिळून मग प्रत्येक अपघाताची छाननी केली, जवळजवळ शवविच्छेदनासारखी. सापडलेली कारणं फार साधी होती. दुभाजकात सोडलेल्या फटी. क्रॅश बॅरिअरची उघडी टोकं, जी गाडीला वाचवण्याऐवजी तिच्यात घुसतात. कडेला उभे ट्रक, ज्यांच्यावर मागून गाड्या आदळतात. एकेक करून ही ठिकाणं सुधारली, वेगावर पहारा बसवला, रुग्णवाहिकांची व्यवस्था नीट केली. 2020 मध्ये मृत्यू 66 वर आले. ते लॉकडाऊनचं वर्ष होतं हे खरं, पण त्याआधीच्या तिन्ही वर्षांतही आकडा 2016 पेक्षा बराच खाली होता. चालक तेच होते, स्वभावही तोच.

उलट उदाहरण पुण्यातल्या नवले पुलाचं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली की ब्रेक तापून निकामी होतात. नोव्हेंबर 2022 मध्ये एका ट्रकने तिथे अनेक वाहनांना धडक दिली. फलक लागले, रस्त्यावर उंचवट्याच्या पट्ट्या आल्या, जड वाहनांचा वेग कमी केला गेला. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच भागात पुन्हा भीषण अपघात झाला आणि माणसं गेली. माझं मत विचाराल तर हे जुनाट पोटदुखीवर नुसत्या गोळ्या देत राहण्यासारखं आहे. उतार तसाच आहे.

आता आपल्या जवळ येऊ. जानेवारी 2022 मध्ये वर्धा-देवळी रस्त्यावर सेलसुऱ्याजवळ पुलावरून गाडी खाली कोसळली आणि वैद्यकीय शिक्षण घेणारे सात विद्यार्थी गेले. त्या रात्रीची आठवण जिल्ह्यातल्या प्रत्येक डॉक्टरच्या मनात आहे. वर दिलेली व्याख्या या जागेला लावून पाहा. अपघात एक, 5 नाहीत. मृत्यू सात, 10 नाहीत. केवळ त्या एका अपघातावर मोजलं, तर ही जागा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरत नाही. व्याख्येची अडचण इथे आहे. जागा काळी ठरण्यासाठी तिथे आधी पुरेशी माणसं मरावी लागतात. शिवाय 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, महाराष्ट्रात 15,224. देशातल्या त्या मृत्यूंपैकी राष्ट्रीय महामार्गांवर साधारण 36 टक्के. बाकीचे राज्य मार्गांवर आणि आपल्या आर्वी रोडसारख्या रस्त्यांवर. इथे मृत्यू एका जागी गोळा होत नाहीत, दहा मैलांत विखुरतात. एक मोरीपाशी, एक फाट्यावर, एक कापसाने भरलेल्या बिनरिफ्लेक्टरच्या ट्रॉलीवर रात्री मागून आदळून. नकाशावर डाग उमटतच नाही.

यावर उपाय म्हणून नागपुरात 2021 पासून एक वेगळा प्रयोग झाला. शहर बसगाड्यांना कॅमेरे बसवून, जिथे अपघात होता होता टळतो अशा जागा टिपल्या गेल्या. त्यांना ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात, काळ्या होण्याआधीच्या करड्या जागा. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचं तर हा प्री-डायबेटिस. साखर वाढायला लागली तेव्हाच पकडायची, पाय कापायची वेळ येईपर्यंत थांबायचं नाही.

आपल्या रस्त्यावर कॅमेऱ्यांच्या बसगाड्या फिरत नाहीत. इथे तुमच्याकडेच ती माहिती आहे. पोलीस आता अपघाताची नोंद ‘ई-डार’ या प्रणालीत जागेसकट करतात, पण जागा सांगितली तरच ती अचूक होते. तेव्हा किलोमीटरचा दगड, मोरी, शेताचा धुरा, विजेच्या खांबाचा नंबर, काहीही सांगा. मोबाइलवरून जागेचं लोकेशन पाठवता येत असेल तर उत्तमच. डॉक्टरलाही सांगा, तोही लिहून घेईल. आणि घसरून नुसतं खरचटलं असेल, गाडी थोडक्यात वाचली असेल, तरी त्या जागेबद्दल ग्रामपंचायतीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीकडे अर्ज करता येतो. त्यासाठी कोणी मरायची वाट पाहायची गरज नाही.

राहिला प्रश्न मदतीचा, कारण अजूनही लोक पोलिसांच्या भीतीने जखमीजवळ थांबत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. 108 ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ला. मान सरळ धरा, ओढाताण करू नका, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, पाणी पाजू नका. आणि मे 2025 पासून केंद्र सरकारच्या योजनेत, नेमलेल्या रुग्णालयात, अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात, रस्ता कुठलाही असो.